गढीचं दार आणि नगारा

चिंचगढी नावाच्या गावात सगुणाबाई राहत. उभा जन्म त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. स्वभाव तिखट. नासलेलं दूध आणि खोटं बोलणारं पोर बाईंना लांबूनच कळतं, असं लोक म्हणत.

बाईंनी गावाचा इतिहास लिहिला. त्यात पुष्कळ काही होतं, पण त्यांचा जीव एका पानात होता. फार पूर्वी गावावर लुटारूंची धाड आली. गढीचे मालक हैबतराव नाईक यांनी वरच्या आळीला आत घेतलं आणि दार लावलं. खालच्या आळीतले कुंभार आणि विणकर पोराबाळांना घेऊन धावत आले, तोवर आतून अडसर पडला होता. ते दिवसभर दार वाजवत राहिले. दिवस मावळताना दार वाजायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी हैबतराव बाहेर पडले आणि त्यांनी लुटारूंना पिटाळून लावलं. शूर तर ते होतेच. बाईंनी तेही लिहिलं, पुढच्या पानावर.

त्या तिथीला वरच्या आळीत आजही पुरणपोळी होते, गढी वाचली म्हणून. खालच्या आळीत त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशीच्या शिळ्या भाकरीवर भागवतात. का, ते पोरांना कुणी सांगत नसे. बाईंना ते तिथल्याच चंद्राक्का नावाच्या म्हातारीनं सांगितलं, पण आधी अट घातली.

"लिवायचं तर समदं लिवा, बाई. न्हाईतर काय बी लिवू नगा."

बाईंनी शब्द दिला.

पुस्तक छापून झालं आणि कपाटात धूळ खात पडलं. त्यातच काचबिंदूनं बाईंची दृष्टी गेली. तेव्हा हैबतरावांचे वंशज मानाजीराव नाईक त्यांच्याकडे आले. म्हणाले, "बाई, हल्ली लोक वाचत नाहीत, ऐकतात. तुमच्या पुस्तकाचं ऑडिओबुक करू. खर्च माझा." बाईंना आनंद झाला. चंद्राक्काला अक्षरओळख नव्हती. आता तिलाही कळेल, की बाईंनी शब्द पाळला.

शहरातून हेरंब नावाचा वाचक आला. आवाज असा, की ऐकणारा हातातलं काम ठेवून देई. माणूस मेहनतीही होता. गावातल्या एकेका नावाचा उच्चार त्यानं बाईंना विचारून घेतला. मग सगळं पुस्तक रेकॉर्ड करून त्यांना ऐकवलं. दाराचं पान त्यानं साधं वाचलं होतं, सावकाश, थांबत थांबत. ऐकताना बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "असंच राहू दे," एवढं म्हणून त्या निर्धास्त झाल्या.

मानाजीरावांनीही ते ऐकलं. त्यांना ते पान झोंबलं. त्यांनी हेरंबला बोलावून घेतलं.

"शब्द एकही बदलू नका हं. बाई फार कडक आहेत. फक्त जरा जोश आणा. ऐकणाऱ्याची छाती फुगली पाहिजे."

हेरंबनं विचार केला, शब्द तर बदलायचे नाहीत, मग यात पाप कसलं? अशा विचारानंच जगात निम्म्या लबाड्या होतात. तो पुन्हा स्टुडिओत जाऊन बसला. दार लावण्याच्या वाक्याला त्यानं आवाज चढवला, खाली नगारा आणि तुतारी घातली. पुढं बाहेरच्या माणसांची वाक्यं आली. ती त्यानं घाईतल्या भटजीनं मंत्र उरकावेत तशी उरकली, आणि नगारा वाजतच ठेवला. बाईंना हे कुणी ऐकवलं नाही.

धाडीच्या तिथीलाच, दुपारी, गढीपुढच्या पटांगणात प्रकाशन ठरलं. गढीचं जुनं सागवानी दार बंद होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर लावले होते. बाईंची खुर्ची दाराजवळच होती. समोर शाळेची मुलं बसली होती, दोन्ही आळ्यांतली. मागं सगळं गाव.

ऑडिओबुक सुरू झालं. दाराचं पान आलं. "हैबतरावांनी आज्ञा केली, दार लावा!" हेरंबचा आवाज गरजला, नगारा कडाडला, आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खालच्या आळीतल्या मुलांनीसुद्धा. सकाळी शिळी भाकरी खाऊन आलेली ती लेकरं, आपल्याच पूर्वजांच्या तोंडावर दार लागलं म्हणून टाळ्या पिटत होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "बंद करा ते!"

हेरंब धावत आला. "बाई, काय झालं? एक अक्षरही बदललेलं नाही. हवं तर पुस्तक धरून कुणाकडूनही तपासून घ्या."

"अक्षर नाही बदललंस. माणसं मेली तिथं नगारा वाजवलास! लबाडी करायला शब्दच लागतात होय रे? हेच पान मला ऐकवलंस तेव्हा साधं वाचलं होतंस. म्हणजे तुला कळत होतं. कळत असून केलंस!"

हेरंबची मान खाली गेली. मानाजीराव पुढं झाले. "बाई, चारचौघांत तमाशा नको. आपल्या इतिहासाचा अभिमान वाटायला नको का पोरांना?"

"अभिमान पुढच्या पानावर आहे, मानाजीराव. हातचं न राखता लिहिलाय. हे पान तुमचं नाही. हे दाराबाहेरच्यांचं आहे."

मानाजीरावांनी स्पीकरवाल्याला आवाज वाढवायची खूण केली. नगारा दुप्पट झाला. बाईंचं बोलणं त्यात बुडून गेलं. आपण चंद्राक्काला शब्द दिला, आणि आपल्याच पुस्तकानं तिच्या माणसांना दुसऱ्यांदा दाराबाहेर ठेवलं, हे त्यांना सहन होईना.

मग त्या वळल्या. चाचपडत दारापाशी गेल्या. आणि हातातली काठी त्यांनी त्या सागवानी दारावर हाणली. पुन्हा हाणली. पुन्हा.

चंद्राक्काला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती कमरेत वाकलेली म्हातारी पटांगण ओलांडून आली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. तिच्यामागं तिच्या सुना उठल्या. मग सगळी खालची आळी उठली. कुणी तळहातानं, कुणी मुठींनी, कुणी चपलेनं, दार वाजू लागलं. मुलांच्या टाळ्या कधीच थांबल्या होत्या. एका मुलीनं घाबरून आजीला विचारलं, "आज्जे, आत कोन हाय? दार का उघडत न्हाईत?"

"तवा बी न्हाई उघडलं," आजी म्हणाली आणि बडवत राहिली.

स्पीकरवाल्यानं मानाजीरावांकडे न बघताच बटण बंद केलं. दाराची किल्ली मानाजीरावांच्या खिशात होती. त्यांनी खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवला.

हेरंबचा चेहरा उतरला होता. हाच आवाज त्यानं नगाऱ्याखाली दाबला होता. तो बाईंजवळ आला. "बाई, मी पुन्हा वाचतो. आत्ता, इथंच. साधं वाचतो."

बाईंनी त्याच्याकडे तोंडही वळवलं नाही. काठी चालूच होती.

"वाचायचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी ऐक."

तात्पर्य: एक अक्षर न बदलताही इतिहास खोटा सांगता येतो, म्हणून ज्यांच्या तोंडावर दार लागलं त्यांचा आवाज आधी ऐकावा, आणि मगच इतिहास वाचायला तोंड उघडावं.