‘दोन वर्षे गेली’

एकदा एक कादंबरीकार आपल्या वृद्ध गुरुजींकडे हस्तलिखित घेऊन आला. बसला, उठला, खिडकीशी गेला, परत बसला. कादंबरी बापलेकांची होती आणि तीन वर्षे झाली तरी शेवट सापडत नव्हता. सतरा वेळा लिहिला, सतरा वेळा फाडला.

गुरुजींनी सगळे शांतपणे वाचले. नवव्या प्रकरणात वडील ओट्यावर चहा पीत होते. दहाव्यात त्यांच्या तसबिरीला हार होता. मध्ये एकच वाक्य होते, ‘दोन वर्षे गेली.’

“ही महामारीची वर्षे ना?”

“हो. पण ती मला नकोत, गुरुजी. लोक कंटाळलेत. मास्क दिसला की पुस्तक मिटतात.”

गुरुजींनी हस्तलिखित अंगणाच्या कठड्यावर नेऊन ठेवले, वर दगड ठेवला आणि लांब येऊन हात जोडून उभे राहिले.

“हे काय करताय?”

“कावळ्याची वाट बघतोय.”

म्हातारपण, दुसरे काय, असे शिष्याला वाटले. पाच मिनिटे त्याने कशीबशी काढली, मग चिडलाच. “अहो, कागदाला कावळा कसा शिवेल?”

“दहाव्याला पिंडाला शिवला नाही, तर आपण काय करतो?”

“गेलेल्याची राहिलेली इच्छा मोठ्याने बोलतो. पुरी करू म्हणून शब्द देतो.”

“मग? अरे, प्रत्येक कादंबरीत महामारी यायलाच हवी असं नाही. ज्याच्या कथेला तिची गरज नाही, त्याने ती खुशाल वगळावी. पण तू माणूस नेलास आणि तो कसा गेला, ते गिळून टाकलंस. तुझा शेवट तिथे अडलाय. वाचकांचा कंटाळा पुढे करू नकोस. काय राहिलंय ते बोल.”

शिष्य कठड्याजवळ गेला.

“दवाखान्यातून बाबांचा फोन आला होता. ‘येतोस का रे?’ म्हणाले. मी म्हणालो, ‘आत सोडत नाहीत, बाबा.’ मी फाटकापर्यंत गेलोच नव्हतो, गुरुजी. कुणाला विचारलंच नव्हतं. भीती वाटली मला.”

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कावळा आला की नाही, हे मला विचारू नका. शिष्याने दगड बाजूला केला, ‘दोन वर्षे गेली’ या वाक्यावर काट मारली आणि त्याखाली लिहिले, ‘येतोस का रे?’