दुसरी सर्व्हिस

एकदा एक मुलगी एका थोर खेळाडूकडे खेळ सोडण्याची परवानगी मागायला गेली. हो, परवानगी! आजकाल अशी परवानगी कोण मागतं, असं तुम्ही म्हणाल. पण जिच्या हाताखाली आपण लहानाचे मोठे झालो तिला न सांगता रॅकेट खुंटीला टांगायची, हे त्या मुलीला काही जमेना.

मुलीचं नाव मैथिली आणि त्या खेळाडूचं उज्ज्वलाताई. एके काळी ताईंनी देशोदेशीची टेनिसची मैदानं गाजवली होती. निवृत्त झाल्यावर त्या आपल्या गावी परतल्या आणि तिथल्या क्लबच्या लाल मातीच्या कोर्टवर मुलींना शिकवू लागल्या. आता केस पांढरे झाले होते, गुडघा कुरकुरत होता, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती.

“ताई, मी सोडते,” मैथिली म्हणाली.

“काय सोडतेस? चहा?”

“टेनिस.” आणि तिला रडूच फुटलं.

झालं होतं असं. टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला दोन संधी मिळतात. पहिला चेंडू चुकला तर दुसरा टाकता येतो, दुसराही चुकला तर मात्र गुण समोरच्याला जातो. मैथिलीची पहिली सर्व्हिस जबरदस्त होती. बसली तर समोरचीला चेंडू दिसायच्या आत तो मागच्या कुंपणावर आदळलेला असे. पण ती चुकली की मैथिलीचं अवसान गळायचं. आता तरी चुकायला नको, असं म्हणत ती दुसरा चेंडू अगदी जपून, हलक्या हातानं टाकायची, आणि तो हमखास नेटमध्ये जायचा. मागच्या स्पर्धेत तर हातातोंडाशी आलेला सामना तिनं असाच घालवला होता. समोरचीला काही करावंच लागलं नाही.

“जेवायला बसले तरी तोच चेंडू दिसतो मला,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात राज्याच्या संघासाठी निवडीची स्पर्धा आहे. तिथं सगळ्यांसमोर पुन्हा असंच झालं तर मी तोंड कुठं लपवू? त्यापेक्षा आत्ताच थांबते.”

ताईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, “ती स्पर्धा खेळ आणि मग खुशाल सोड. पण तोवर मी सांगेन तसंच करायचं. पहिला चेंडू मुद्दाम नेटमध्ये मारायचा. प्रत्येक वेळी. मग दुसरा टाकायचा.”

मैथिली बघतच राहिली. पण गुरूचा शब्द, करणार काय! रोज सकाळी ती पहिला चेंडू नेटमध्ये मारू लागली. पलीकडच्या कोर्टवरच्या मुली तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या. बातमी घरी पोचली तसे तिचे बाबा तडक क्लबवर आले.

“ताई, रागावू नका,” ते म्हणाले, “पण चुकायला हिला शिकवणी कशाला हवी? ते तर हिला घरबसल्या येतं!”

ताई खळखळून हसल्या, त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. क्रम काही बदलला नाही.

अखेर एके दिवशी मैथिलीचा बांध फुटला. तिनं रॅकेट मातीत आपटली. “ताई, माझी एकच गोष्ट चांगली होती. ती पहिली सर्व्हिस. तीही तुम्ही मातीत घातलीत!”

ताईंनी ती रॅकेट उचलली, धूळ झटकली आणि म्हणाल्या, “जा पलीकडे. घे माझी सर्व्हिस.”

मैथिली पलीकडे जाऊन उभी राहिली. ताईंचा हात मागे गेला, वर गेला, आणि त्या क्षणी त्यांचं वय कुठच्या कुठं गेलं. चेंडू फार वेगात आला नाही. नेटवरून उंच आला, आत वळला, मातीवर टेकला आणि असा उसळला की मैथिलीच्या डोक्यावरून निघून गेला. ती दोन पावलं मागे सरकली. पुन्हा तेच. ती थेट कुंपणाला टेकून उभी राहिली, तरी चेंडू खांद्याच्या खाली यायला तयार नाही. दमून, थक्क होऊन ती ओरडली, “बाप रे ताई! या वयात अशी पहिली सर्व्हिस?”

“पहिली नाही गं. ही दुसरी. पहिली माझ्याकडे नाही.”

दोघी बाकावर बसल्या. ताई सांगू लागल्या, “मी ऐन भरात होते तेव्हा माझा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली. बरी होऊन कोर्टवर आले आणि कळलं, ती वेगवान सर्व्हिस आता या हातात राहिलेली नाही. खूप रडले. आईला म्हटलं, संपलं सगळं. आई म्हणाली, उरलंय काय ते तरी बघ. उरली होती दुसरी सर्व्हिस. तीच घेऊन परत उतरले. दोन्ही वेळा तीच टाकायचे. लोक म्हणाले, बाई आता डोक्यानं खेळायला लागली! माझ्याकडे पहिली नव्हतीच, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.”

“पण ताई, तुमची ती मोठी विजेतेपदं...”

“सगळी त्यानंतरची.”

मैथिलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या सामन्यांच्या गोष्टी ऐकत ती वाढली, ते सगळे या बाईनं आपलं मुख्य शस्त्र गमावल्यावर जिंकले होते, आणि त्याबद्दल कधी ब्रही काढला नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी आपण रोज बसतो, या विचारानं तिला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

ताई म्हणाल्या, “पहिल्या सर्व्हिसमध्ये आपली ताकद दिसते. दुसरीच्या वेळी आपण चुकलेलो असतो आणि सगळे बघत असतात. तेव्हा तू हात आखडतेस. फिरकी द्यायची तर हात उलट जास्त जोरात फिरावा लागतो, म्हणजे तू जपतेस म्हणूनच चुकतेस. चुकीची तुला इतकी लाज वाटते, की पुढचा चेंडू ती लाजच मारते. म्हटलं, चूक रोजची होऊ दे. रोजच्या गोष्टीची लाज कोण धरतं?”

मैथिली उठली, कोर्टवर गेली आणि कुणी न सांगता तिनं पहिला चेंडू नेटमध्ये मारला.

निवडीच्या स्पर्धेत एका सामन्यात वेळ अशी आली की हा गुण गेला तर सामनाच गेला. सर्व्हिस मैथिलीची. तिनं पूर्ण ताकदीनं पहिला चेंडू मारला आणि तो नेटमध्ये गेला. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मैथिलीनं खिशातून दुसरा चेंडू काढला, शांतपणे जमिनीवर टप्पे मारले आणि हात पूर्ण मागे नेला. ते पाहताच ताई जागेवरून उठल्या आणि चहा प्यायला बाहेर निघून गेल्या.

सामना संपल्यावर मैथिली धावत टपरीवर आली. “ताई, तुम्ही उठून गेलात? असल्या वेळी?”

“तुझा हात आखडत नाही एवढंच बघायला आले होते. ते बघितलं. बरं, जिंकलीस का गं?”

“हरले,” मैथिली म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती चक्क हसत होती. “तो गुण घेतला मी. पुढचेही बरेच घेतले. शेवटी समोरचीच सरस ठरली. पण ताई, या वेळी तिला मला हरवावं लागलं.”

ताईंना भरून आलं. त्यांनी आपला चहाचा पेला तिच्या हातात दिला.

“उद्या जरा लवकर येते,” घोट घेत मैथिली म्हणाली. “तिच्या सर्व्हिसवरचे माझे फटके फार कच्चे पडले.”

“पडलेच,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी टपरीवाल्याकडे आणखी एक चहा सांगितला.