किल्ली हातात, गाडी चालू

"पण घोडे किती म्हणालास?" अप्पाजींनी पुन्हा विचारलं.

"साडेसहाशे, अप्पाजी."

"अबब! आणि चारा?"

रेवण पट्टणशेट्टीला हसू आलं, ते त्यानं दाबलं. आज तो हसायला आलाच नव्हता. कोल्हापूरहून बेळगावला तणतणत निघाला होता, वाटेत कागलजवळच्या माळावरचा अप्पाजींचा मठ दिसला आणि गाडी आत घातली. लहानपणापासूनची सवय, मोठं काही करायचं म्हटलं की आधी अप्पाजींच्या कानावर घालायचं.

मग त्यानं आपल्या साडेसहाशे अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाचं सगळं वर्णन केलं. सहा सिलिंडर, साडेतीन लिटर, दोन टर्बो. टर्बो म्हणजे काय हेही सांगितलं. इंजिनातनं जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो, मिनिटाला लाखावर फेरे, आणि तो पंखा इंजिनात आणखी हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त ताकद.

अप्पाजींना सायकलवर बसायचीही भीती. जन्मभर पायी हिंडलेला माणूस. पण ऐकत होते अगदी पुराण ऐकावं तसं, मान डोलावत.

"म्हणजे वाया जाणाऱ्या धुरावर चालतंय?"

"होय."

"हे लई झ्याक केलंस," अप्पाजी म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला होता. "मग अडलंय कुठं?"



"इलाही," तो म्हणाला.

इलाही मुजावर त्याचा भागीदार. पॉलिटेक्निकात एका बाकावर बसलेले दोघं. शिरोलीच्या वर्कशॉपवर पाटी दोघांच्या नावाची, आणि हे इंजिनही दोघांनी मिळून जन्माला घातलेलं. रविवारी बंगळूरहून स्पोर्ट्स कार बनवणारी पार्टी ते बघायला येणार होती. रेवण म्हणत होता, ताकद साडेसहाशे सांगू. चाचणीत इंजिनानं तेवढी दिली होती, काट्यावर आकडा दिसला तेव्हा रेवण वर्कशॉपमध्ये नाचला होता. इलाही म्हणत होता, पाचशे वीस सांगू. साडेसहाशे ते एक दिवस देईल, रोज देईल याचा भरवसा मी देणार नाही, आणि ज्याचा भरवसा देता येत नाही तो आकडा पार्टीला सांगणार नाही.

शब्दानं शब्द वाढला. रेवण कामगारांच्या देखत बोलून गेला की तू इंजिनिअर नाहीस, भित्रा आहेस, एवढाच भरवसा नसेल तर वर्कशॉपची किल्ली ठेव आणि नीघ.

इलाहीनं हात पुसले, किल्ली ठेवली आणि निघून गेला. काल दुपारची गोष्ट.

बेळगावात एक तज्ज्ञ होता. तुम्ही म्हणाल त्या आकड्याखाली नाव द्यायला तयार असलेला. रेवण त्याला आणायला निघाला होता. संध्याकाळी एकदा का त्याला शब्द दिला, की इलाहीचं नाव पाटीवरनं कायमचं जाणार.

"इलाही खोटं बोलतोय का?" अप्पाजींनी विचारलं.

"छे! तो खोटं बोलतच नाही. तीच तर पंचाईत आहे."

अप्पाजींनी पांढऱ्या दाढीवरनं हात फिरवला.

"मला दुसरं काही नको, अप्पाजी. मी केलं ते बरोबर केलं, एवढं म्हणा. आणि गाडीला आशीर्वाद द्या. पहिल्यांदाच हे इंजिन बसवून रस्त्यावर काढलीय."

नवी गाडी घेतली की सगळेच करतात तसं रेवणनं बाहेर जाऊन गाडीची किल्ली काढून आणली आणि अप्पाजींच्या तळहातावर ठेवली. अप्पाजींनी मूठ मिटली, डोळे मिटले, ओठ हलू लागले.

मग त्यांनी एक डोळा उघडला.

बाहेर चिंचेखाली गाडी गुरगुरत होती.

"गाडीत कोण बसलंय रे?"

"कुणी नाही."

"किल्ली तर माझ्या मुठीत हाय."

"होय."

"मग ती चालू कशी?"

रेवणला पुन्हा उत्साह आला. विषय इंजिनाचा असला की त्याचा राग टिकत नसे. तो सांगू लागला. हमरस्त्यावरनं जोरात आलं की टर्बो तापून लालभडक झालेला असतो. तशात इंजिन एकदम बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं, आणि होतं तिथंच जळून त्याचा कोळसा होतो. असं चार वेळा झालं की टर्बो जाम झाला म्हणून समजा. मग लोक म्हणतात, टर्बोच वाईट. म्हणून थांबल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं असतं. पण घाईतला माणूस थांबतोय कशाला? तेव्हा एक छोटी डबी बसवलीय. किल्ली काढली तरी इंजिन हळू चालत राहतं आणि निवलं की आपलं आपण बंद होतं.

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. डबी किल्ली काढल्यापासनं मोजते; मी रागात गाडी चालूच ठेवून आत आलो होतो, किल्ली आत्ता तुमच्यासाठी काढून आणली."

"ही डबी कुणाच्या डोक्यातली?"



"इलाहीच्या."

"सगळ्या गाड्यांना बसवतोय?"

"नाही. ह्या एकीलाच. ही मी चालवतो म्हणून." रेवणची मान खाली गेली. "म्हणाला, तुला थांबायला जमत नाही, तर गाडीलाच शिकवतो."

अप्पाजी हसले नाहीत. मूठ तशीच मिटून ते बाहेरचा आवाज ऐकत बसले. रेवणही ऐकू लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही.

इंजिन संथ चालत होतं. मग एक बारीक खटका झाला, आणि ते थांबलं.

माळावर किती शांतता आहे ते तेव्हा कळलं. लांब कुठंतरी शेळ्या ओरडत होत्या.

रेवणला फार लाज वाटली. इलाहीनं त्याला थांबायला शिक असं कधी सुनावलं नव्हतं, डबी बसवली होती आणि पुन्हा विषयही काढला नव्हता. अशा माणसाला आपण चारचौघांत भित्रा म्हणालो, हे आठवून त्याचे डोळे भरून आले. आणि गंमत अशी की कालपासून छातीवर होतं ते ओझंही हलकं झालं.

त्यानं खिशातनं वर्कशॉपची किल्ली काढली. इलाहीनं तिला लाल दोरा बांधला होता, तो तेलानं काळा पडला होता.

"बेळगावला जात नाही, अप्पाजी. पार्टीला पाचशे वीसच सांगतो. आणि ही त्याची त्याला देऊन येतो."

"झ्याक. कधी?"

"जातो की. दोन दिवस जाऊ देत. त्याचंही डोकं तापलंय, माझंही. जरा निवलं, की जातो."

अप्पाजी उठले. त्यांनी गाडीची किल्ली रेवणच्या हातावर ठेवली, वर त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली, आणि आता मात्र ते उरलेले सगळे दात दाखवून हसले.

"साडेसहाशे घोडे दोन मिनिटांत निवले की रे."