साखरेचं भांडं

"अपुरं दान चालतं का, अक्का?"

रघुवीर हेरेकरांनी चपला काढायच्या आधीच हे विचारलं. छातीशी एक जड गाठोडं, कपाळावर घाम, आणि आवाज मात्र कारखान्यात माणसांना हाका मारणाऱ्याचा.

अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस. मग दान कर."

हिरण्यकेशीच्या काठावरचा आमचा मठ म्हणजे चार खांब, एक ओसरी आणि अक्का. ना कळस, ना कमान. मी तिथलं चहापाणी बघायचो आणि येणाऱ्यांची तोंडं वाचायचो. हेरेकर पहिल्यांदाच आले होते, पण त्यांना ओळखत नाही असा माणूस त्या पट्ट्यात विरळा. बेळगावात त्यांची मोठी फाउंड्री होती. ती नुकतीच विकली होती.

ते बसले. जमिनीवर बसायची सवय गेलेला माणूस बसतो तसे, तीन तुकड्यांत.

"काय अपुरं हाय?" अक्कांनी विचारलं.

त्यांनी गाठोडं सोडलं. आत जुनं रेशमी उपरणं, उपरण्यात कापूस, आणि कापसात चांदी.

मी मठात राहतो, तरी डोळे मिटून राहत नाही. असलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक लांबट तबक. त्यावर एक बुटकी, फुगीर पोटाची चहादाणी. तिच्याशेजारी एक उंच, सडपातळ भांडं, कॉफीचं. आणि दुधाचं एक छोटं भांडं, पुढे चोच असलेलं. दांड्यांमध्ये हाडाच्या पांढऱ्या चकत्या बसवलेल्या, हाताला चटका लागू नये म्हणून.

तबकावर घासून घासून चार गोल उमटले होते. तीन भरले होते. चौथा रिकामा.

"वडिलांनी करून घेतलेला सेट आहे," हेरेकर म्हणाले. "स्टर्लिंग चांदी. माझी हयात ओतकामात गेली, पण हे ओतलेलं नाही. एकाच माणसानं हातानं ठोकून काढलंय. आत बघा, ठोके दिसतात."

अक्कांनी चहादाणीत डोकावून पाहिलं.

"समदी चांदीच?"

"नाही, थोडं तांबं असतं. निव्वळ चांदी फार मऊ. रोजच्या वापरात पोचे पडतात."

"मग तुमच्या घरात तांबं कोण हुतं?"

हेरेकर हसले नाहीत. मला हसू आलं, ते मी खोकल्यावर निभावलं.

"अक्का, मी थट्टेसाठी आलो नाही. घर रिकामं करतोय. मुलगा कॅनडाला नेतोय, पुढच्या महिन्यात. या वयात परत येणं काही होत नाही. म्हटलं, ही वस्तू देवाच्या पायाशी राहावी. आईवडिलांच्या स्मरणार्थ. पण साखरेचं भांडं नाही, आणि अपुरा सेट देवाला कसा द्यायचा?"

"कुठं हाय ते?"

"कुंदाकडे. माझी धाकटी बहीण. आजऱ्याला असते. तुमच्याकडे येते असं कळलं."

"येती की."

"मग तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

तेव्हा मला गाठोडं खरं उलगडलं. माणूस दान घेऊन आला नव्हता, वसुलीला आला होता. राग आला मला. कुंदाताई दर पौर्णिमेला यायच्या, निमूट एका खांबाला टेकून बसायच्या, आणि भाऊ आहे असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

अक्कांनी तांदळातला खडा काढून अंगणात टाकला.

"तिच्याकडं कसं गेलं?"

"आईचं तेरावं झालं त्या संध्याकाळी. पिशवीत घातलं आणि गेली. विचारलंसुद्धा नाही."

"इचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर दिलं नसतं!"

ते स्वतःच दचकले.

"म्हणजे... सेट फुटला असता ना, अक्का. एक भांडं काढलं की उरलेल्याला अर्थ नाही. एवढं घर भरलेलं होतं, काय वाटेल ते न्यायचं. तेवढंच कशाला? मला डिवचायला."

"मग तू काय केलास?"

हेरेकरांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वकिलाकडून नोटीस पाठवली."

साखरेच्या भांड्यासाठी सख्ख्या बहिणीला नोटीस! मी कपाळाला हात लावणार होतो, पण अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"उत्तर नाही आलं," ते म्हणाले. "तेव्हापासून एकदाही भाऊबीजेला आली नाही."

"भाऊबीजेला बहीण येती, का भाऊ जातोय?"

"... तिनं बोलवायला हवं ना."

"बरं."

अक्का पुन्हा तांदळाकडे वळल्या. त्यांच्या 'बरं'नंतर भल्याभल्यांना गप्प बसवत नाही. हेरेकरांनाही बसवलं नाही.

"तुम्हाला वाटेल, हा भांड्याकुंड्यांसाठी भांडतोय. तसं नाही. आमचं घर या तबकावर चालायचं, अक्का. वडील वकील. धारवाडला शिकताना त्यांना कॉफीचं वेड लागलं ते शेवटपर्यंत. आई चहाची. लग्न झाल्यावर कोणी कोणाचं ऐकेना, म्हणून वडिलांनी दोन्ही भांडी एका तबकात करून घेतली. रोज दुपारी ते कोर्टातून आले की हे तबक बाहेर यायचं. रोज दोघं भांडायचे, चहात काय ठेवलंय आणि कॉफीत काय ठेवलंय म्हणून. आणि रोज, आम्ही बघत नाही असं समजून, एकमेकांच्या कपातला एकेक घोट घ्यायचे..."

त्यांचा आवाज खाली आला होता. कारखाना बंद झाल्यासारखा.

"आणि पोरं?"

"कुंदा एवढीशी होती. गरम भांड्याला आई हात लावू द्यायची नाही, म्हणून साखर तिच्याकडे. दोन्ही हातांनी भांडं धरून प्रत्येकापुढे उभी राहायची आणि विचारायची, 'किती?' पाहुणा कितीही मोठा असो, जज्जसाहेब असोत, तिला आकडा सांगितल्याशिवाय सुटका नाही. मला मात्र विचारायची नाही. आईची पाठ फिरली की माझ्या कपात एक चमचा जास्तच टाकायची."

ते हसले. आल्यापासून पहिल्यांदा. हसताना ते एकदम कोणाचे तरी दादा दिसले, आणि माझा राग पातळ झाला.

"आणि तुझ्याकडं काय काम?" अक्कांनी विचारलं.

"माझ्याकडे? मी... मी बसायचो."

"सिद्राम," अक्का मला म्हणाल्या, "च्या टाक. ह्यातच घालून आण."

हेरेकर अर्धे उठले. "यात? अक्का, हे देवापुढं ठेवायचं—"

"मला दिलास न्हवं?"

"दिलं... म्हणजे देणारच आहे."

"मग माझ्या भांड्यात मी च्या पिणार. तुझं काय जातंय?"

मी चहा केला. आमचा मठाचा चहा, आलं घालून, दूधबीध सगळं एकत्र उकळून. आणि उंच भांडं जास्त ऐटबाज दिसलं म्हणून त्यात ओतला.

"ते कॉफीचं!" हेरेकर ओरडले. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं.

"च्याला काय कळतंय?" मी म्हणालो.

"आईला कळायचं," ते म्हणाले. मी सगळा चहा पुन्हा बुटक्या चहादाणीत घातला. दुधाचं भांडं कोरडंच राहिलं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. उपकारच म्हणायचे.

अक्कांनी स्टीलचे तीन पेले पुढे सरकवले.

"तूच ओत."

हेरेकरांनी दांडा धरला. चहादाणी जड होती आणि त्यांचा हात सराईत नव्हता. वाकवली तशी झाकण सुटू लागलं. त्यांनी चटकन डावा हात झाकणावर ठेवला आणि तितक्याच चटकन काढला.

"भाजलं?"

"झाकण तापलंय. आई अशीच बोटं ठेवायची... तिला कधी भाजलं नाही."

"तुला काय ठावं? तू बसला हुतास."

त्यांनी पुन्हा झाकणावर बोटं ठेवली आणि या वेळी काढली नाहीत. अक्कांचा पेला भरला, माझा भरला, शेवटी स्वतःचा. बोटं लाल झाली होती. एक थेंब सांडला नाही, हे मात्र सांगायला हवं.

आमच्याकडे चहा उकळताना साखर घालत नाहीत, ज्यानं त्यानं वरून घ्यायची. मी पितळी डबा उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. "किती?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डबा हातानं दूर सारला.

"नको. मला चालत नाही. डॉक्टरांनी साखर कायमची तोडलीय."

अक्कांना हसू आवरेना. मांडीवरचं तांदळाचं सूप हललं.

"म्हंजे साखर नगं, आणि भांडं पायजे!"

"प्रश्न साखरेचा नाही, अक्का!"

"मग कशाचा?"

"हक्काचा. चूक तिची आहे. तिनं आणून द्यायला हवं. एकदा दारात येऊन 'दादा, हे घे' एवढं म्हणाली असती, तर..."

"तर तू काय केला असतास?"

"तर मी..."

ओसरीवर ऊन सरकलं होतं. चांदीवरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि ते डोळे बारीक करून त्या चौथ्या गोलाकडे बघत होते. नोटीस पाठवणारा माणूस रडेल असं मला वाटलं नव्हतं. रडले ते. उपरण्याच्या टोकानं नाक पुसलं, चांदीवर डाग पडला असेल म्हणून तीही पुसली.

"तर मी तिलाच परत दिलं असतं," ते म्हणाले. "ते तिचंच होतं."

अक्कांनी पेला खाली ठेवला.

"अपुरं दान चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "पुरं व्हायला पायजे."

हेरेकरांनी मान वर केली. "म्हणजे तुम्ही कुंदाला निरोप देणार?"

"देती."

"काय सांगाल?"

उत्तर न देता अक्कांनी चहादाणी मागितली. स्वतः उठून पाण्यानं विसळली, पदरानं कोरडी केली. मग तिन्ही भांडी तबकावर ठेवली, कापूस लावला आणि उपरण्याच्या गाठी मारल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या हाताला चांगलाच जोर होता.

"हे माझं झालं न्हवं?"

"झालं."

"मन मोडून न्हाई ना दिलास?"

"नाही, अक्का. मनापासून दिलं."

"मग हे कुंदाला न्हेऊन दे. माझ्याकडनं."

हेरेकरांना ते कळायला वेळ लागला. मलाही लागला, खोटं कशाला बोलू?

"तिला? ... अक्का, मी तिच्याकडचं एक आणायला आलो होतो. तुम्ही माझी तीन तिलाच द्यायला सांगताय?"

"चारी एका जागी यायला पायजेत, आसं तूच म्हनलास. जागा कुठली, ते काय बोलला न्हाईस."

"पण घेऊन मीच जायचं? सिद्रामाला पाठवा. नोटीस मी पाठवलीय तिला. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच."

मी सांगणार होतो की मी जातो, एसटीनं तासाभराचं काम. अक्कांनी सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझे हात तांदळात गुंतवले.

हेरेकर उठले. गाठोडं पुन्हा छातीशी धरलं. आले होते तेव्हाही असंच धरलं होतं, पण आता त्यांना त्याचं ओझं होत होतं. चपला घातल्या, चार पावलं गेले आणि थांबले. पाठ आमच्याकडेच.

"अक्का..."

"हं."

"तिनं दारच उघडलं नाही, तर?"

नदीवरच्या बायका धुणं आटोपून निघाल्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे.

"पायरीवर बस. च्या प्यायच्या येळंला घरातलं माणूस एकदा तरी दाराकडं बघतंय."