साळिंदरिणीची गाडी

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरउतारावर गिरजा नावाची साळिंदरीण राहायची. तिची म्हातारी आई ओढ्यापलीकडे एकटी असायची. तिच्यासाठी कंद वाहून गिरजा थकून जायची.

एकदा उदमांजर आपली चकचकीत हातगाडी घेऊन आलं. म्हणालं, "विकत कशाला घेतेस? वर्षभर वापर. दर पौर्णिमेला टोपलीभर कंद दे, बस्स!"

गिरजा हरखली. वर्षभर तिने एकही पौर्णिमा चुकवली नाही. वर्ष संपलं तसं उदमांजर आलं आणि गाडीभोवती फिरून म्हणालं, "ओढ्यापलीकडे न्यायची नव्हती. चाकं झिजलीत. शिवाय हे ओरखडे! आठ टोपल्या आणखी दे."

"अहो, माझ्या पाठीवर काटे आहेत, हे तेव्हाच दिसत होतं की तुम्हाला!"

"दिसत होतं, म्हणून तर दिली."

कंद गेले, गाडीही गेली. गिरजा पुन्हा पाठीवर ओझं घेऊन ओढा ओलांडू लागली. ते पाहून सुतारपक्षी म्हणाला, "चार वारुळं उकरून दे, मला मुंग्या मिळतील. मी तुला बाभळीची गाडी करून देतो. दिसायला मात्र ओबडधोबड होईल हं."

पोळलेल्या गिरजाने आधी सगळं विचारून घेतलं. "किती लांब नेलेली चालेल? ओरखडा पडला तर? आणि परत कधी द्यायची?"

सुतारपक्षी गोंधळला. "परत? कुणाला?"

गिरजा पोटभर हसली आणि वारुळं उकरायला धावली. चौथ्या दिवशी म्हातारी आई त्या गाडीत बसून लेकीकडे राहायला आली.