दोन अँप्लिफायर

“व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा, नाना? एकदाचं सांगून टाका.”

श्रीरंगने दोन्ही अँप्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधले होते. ही विद्या त्याला मिरजेच्या नाना टेंगशांनी शिकवली होती, म्हणूनच आज हट्टाने त्यांना घरी आणलं होतं.

नाना खुर्चीत टेकले.

“तुला काय वाटतं?”

“व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब आहे, पण खर्जात तो सैल पडतो. ट्रान्झिस्टरचा स्वच्छ आहे... पण कोरडा. आईचा आवाज जसा होता तसा ऐकू यायला हवा, नाना. आप्पांसाठी.”

आई गेल्यापासून आप्पा फारसे बोलत नसत. तिने घरीच टेप केलेली भूपातली एक बंदिश तेवढी उरली होती.

श्रीरंगने टेप लावली. आईचा आवाज खोलीत आला.

आप्पा आतून येऊन दारात उभे राहिले.

“हा व्हॉल्व्हचा,” श्रीरंग म्हणाला. त्याने दोन्हींमधला खटका दाबला. “आणि हा ट्रान्झिस्टरचा. फरक कळला?”

पुन्हा खटका. मग टेप मागे. पुन्हा तीच ओळ.

आप्पा वळून आत गेले.

“हे रोज असंच चालतं?” नानांनी विचारलं.

“रोज. ते बसतच नाहीत. म्हणजे आवाजातच काहीतरी कमी आहे ना?”

नाना उठून आत गेले आणि आप्पांना हाताला धरून घेऊन आले. त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

“लाव पहिल्यापासून.”

टेप सुरू झाली. श्रीरंगचा हात सवयीने खटक्याकडे गेला. एकदा, दोनदा, तीनदा...

नानांनी तो हात उचलून आपल्या हातात घेतला. सोडला नाही.

बंदिश पुढे सरकली. आलाप झाले, ताना झाल्या. श्रीरंगने हा भाग कधी ऐकलाच नव्हता. गाणं संपलं. तो टेप बंद करायला उठू लागला.

नानांनी हात आणखी घट्ट धरला.

टेपवर थोडी खरखर. मग आईचं हसू.

“झालं का हो रेकॉर्डिंग? चहा टाकू?”



आप्पा समोर बघत हळूच म्हणाले, “टाक...”

श्रीरंगने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “आत्ता कुठला चालू होता रे?”

“कोण?”

“अँप्लिफायर.”

श्रीरंगने डोळे पुसले. आठवून पाहिलं.

“...लक्षच नव्हतं, नाना.”

“मग तोच ठेव.”