फक्त चार पिक्सेल

शाल्मलीच्या कंपनीचं अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क मोठं गुणी होतं. कोड एकदाच लिहायचा, अ‍ॅप अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही. खोट एकच. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली, त्यामुळे अँड्रॉइडवर मराठीच्या वेलांट्या, मात्रा, रफार वरून चक्क कापले जायचे. शाल्मलीने दुरुस्ती करून तीन आठवडे झाले होते, पण तिचे टीमप्रमुख कारखानीस सर मंजुरीच देईनात. शुक्रवारी नवी आवृत्ती निघणार होती. ती हुकली की पुढची थेट सहा महिन्यांनी.

ती चौथ्यांदा केबिनमध्ये गेली तेव्हा सर हसले.

"अगं, फक्त चार पिक्सेल! वाचणारा अंदाजाने वाचतो. नवीन लग्न झालंय, वेळेवर घरी जा. वेलांट्या कसल्या मोजत बसतेस?"

"बरं, सर," शाल्मली म्हणाली. 'बरं' म्हणायचा सराव तिला गेल्या दोन महिन्यांत सासरी चांगलाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने चाचणीची एक आवृत्ती फक्त सरांच्या फोनवर पाठवली. पाच मिनिटांत सर तरातरा तिच्या टेबलाशी हजर.

"हे काय? अ‍ॅप उघडल्यावर दिसणाऱ्या माझ्या इंग्रजी स्वागतसंदेशातल्या अक्षरांची सगळी डोकी उडालीत! कुणी केलं हे?"

"मीच, सर. फक्त चार पिक्सेल कापलेत. वाचणारा अंदाजाने वाचतो ना?"

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. सरांनी घसा खाकरला.

"ती मराठीची दुरुस्ती... शुक्रवारपर्यंत होईल?"

"झालीय, सर. तीन आठवडे तुमच्या एका क्लिकची वाट बघतेय."